अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात पहिलं वर्ष कसं काढावं

विल्यम्स, ग्रिनेल, कार्लटन, स्वार्थमोर, रीड, वूस्टर. कला, विज्ञान असे सगळे विषय एकत्र शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या या लिबरल आर्ट्स कॉलेजांत विद्यार्थी साधारण दीड-दोन हजार, आणि पदवीच्या पुढचे विद्यार्थी जवळपास नसतातच. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे पेपर, म्हणजे घरी लिहून द्यायचे निबंध, बऱ्याचदा पीएच.डी. करणारे सहाय्यक तपासतात. इथे जे प्राध्यापक शिकवतात तेच तुमचा पाच पानी पेपर वाचतात, समासात शेरे लिहितात आणि पुढच्या आठवड्यात वाटेत भेटले तर त्याविषयी विचारतातही. एवढी फी भरायची ती याच्यासाठी. पंधरा जणांच्या वर्गात गप्प बसलेला विद्यार्थी बोलणाऱ्याइतकाच डोळ्यात भरतो. म्हणून पहिल्या आठवड्यापासून प्राध्यापकांच्या ओळखीचं व्हायचं, हे इथलं पहिलं काम. ते कसं करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

कोर्स निवडताना

बऱ्याच कॉलेजांत पदवीला ३२ कोर्स लागतात: आठ सत्रं, दर सत्राला चार. त्यातले दहा-बारा मेजरला (मुख्य विषयाला) जातात, काही वेगवेगळ्या विद्याशाखांची अट पुरी करायला, आणि उरलेले तुमचे. अटी मात्र कॉलेजागणिक बदलतात. ग्रिनेलमध्ये सगळ्यांना सक्तीचा कोर्स एकच, पहिल्या सत्रातला ट्युटोरियल, म्हणजे लेखनावर भर देणारा छोटा वर्ग. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचा सेमिनार आणि मेजर सोडला तर बाकी मोकळीक. कार्लटनमध्ये दोन सत्रांऐवजी दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि एका टर्मला साधारण तीन कोर्स. कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून ब्लॉक प्लॅन आहे: एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवड्यांत पूर्ण. तिथे तापाने एक दिवस वर्ग बुडाला तर इतर ठिकाणचा जवळपास आठवडा बुडाल्यासारखं होतं. तेव्हा आपल्या कॉलेजचा कॅटलॉग आधी नीट वाचा, दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राचा सल्ला नंतर ऐका.

पहिल्या सत्राचे चार कोर्स निवडायची एक भरवशाची पद्धत अशी. एक कोर्स लेखनावर भर देणारा सेमिनार. बहुतेक ठिकाणी तो ठरलेलाच असतो. दुसरा, ज्या मेजरचा विचार आहे त्याच्या शिडीची पहिली पायरी. तिसरा, कधीच न शिकलेला विषय: मानवशास्त्र, भूगर्भशास्त्र, संगीताचा सिद्धांत, काहीही. चौथा, ज्यात तुमचा हात बसलेला आहे असा. दोन लॅबचे कोर्स आणि दोन भरपूर वाचनाचे कोर्स एकाच सत्रात, तेही पहिल्याच, घेऊ नका. लॅब आठवड्याला तीन-चार तास सलग घेते, अहवाल लिहायला आणखी तितकेच, आणि हे तास कोर्सच्या यादीत कुठेच लिहिलेले नसतात.

शिडीचं महत्त्व फार उशिरा कळतं. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि परकीय भाषा यांचे कोर्स एकावर एक रचलेले असतात. पहिली पायरी बऱ्याचदा फक्त शरद ऋतूच्या, म्हणजे वर्षाच्या पहिल्या, सत्रात शिकवली जाते. ती चुकली की सरळ एक वर्ष मागे. वैद्यकीय शाखेकडे जायचं असेल, किंवा तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या संस्थेत असा ३-२ मार्ग घ्यायचा असेल, तर कॅल्क्युलस आणि विज्ञानाची पहिली पायरी पहिल्याच सत्रात चढावी लागते.

लहान कॉलेजची आणखी एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. एका विभागात प्राध्यापक पाच-सहाच असतात. त्यामुळे वरच्या पातळीचे कोर्स पुष्कळदा एक वर्ष आड होतात, आणि त्यातच एखादे प्राध्यापक अभ्यासरजेवर जातात. तिसऱ्या वर्षी परदेशी सत्र करायचं ठरवलं आणि नेमका त्याच सत्रात मेजरचा सक्तीचा कोर्स आला, की चौथ्या वर्षी ओढाताण होते. उपाय साधा आहे. एका कागदावर आठ चौकटींचा तक्ता काढा, मेजरचे सक्तीचे कोर्स त्यात पेन्सिलीने भरा, आणि विभागप्रमुखांना एकच प्रश्न विचारा: 'यातले कुठले कोर्स पुढच्या तीन वर्षांत कधी शिकवले जाणार आहेत?' त्यांच्याकडे त्याचं कच्चं वेळापत्रक बहुधा असतं. आपल्याकडे नसलेला कोर्स शेजारच्या कॉलेजात मिळतो का, तेही पाहा. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं ॲमहर्स्टमधलं संकुल एकमेकांचे कोर्स घेऊ देतात. क्लेअरमाँटची पाच कॉलेजं तर एकमेकांना लागूनच आहेत.

नोंदणीच्या दिवशी हाती सहा ते आठ कोर्सांची यादी असू द्या, चारची नाही. वरच्या वर्गांना आधी पाळी मिळते, त्यामुळे चित्रकलेचा स्टुडिओ आणि सर्जनशील लेखन यांच्या जागा पहिल्या वर्षाची पाळी येईपर्यंत बऱ्याचदा संपलेल्या असतात. जागा भरली असेल तर प्रतीक्षायादीत नाव घाला, प्राध्यापकांना चार ओळींची मेल करा आणि पहिल्या तासाला जाऊन बसा. पहिल्या दोन आठवड्यांत विद्यार्थी कोर्स बदलत असतात, जागा रिकाम्या होतात, आणि त्या बहुधा वर्गात हजर असलेल्यांना मिळतात.

सिलॅबस हातात पडला की

बारावीपर्यंत सगळा भार शेवटच्या परीक्षेवर टाकायची सवय लागलेली असते. इथे ती सवय पहिल्या सहा आठवड्यांतच महागात पडते, कारण गुण सत्रभर थोडे-थोडे वाटलेले असतात. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस हा एक प्रकारचा करारच असतो: काय वाचायचं, कधी काय द्यायचं, उशिराला किती गुण कापणार, किती गैरहजेरी चालणार, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरायला परवानगी आहे की नाही. हा शेवटचा नियम कोर्सागणिक वेगळा असतो. एका वर्गात चालतं म्हणून दुसऱ्यात वापरलं, तर प्रकरण थेट शिस्त समितीपुढे जाऊ शकतं.

पहिल्या शनिवारी दोन तास काढून चारही सिलॅबस समोर ठेवा आणि सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरवर उतरवा. पाच पानांहून मोठ्या प्रत्येक पेपरसाठी देण्याच्या तारखेच्या दहा दिवस आधी 'सुरुवात' असंही लिहा. मग सहावा ते आठवा आठवडा बघा. मध्यसत्राच्या परीक्षा आणि दुसरे पेपर तिथे एकावर एक येऊन आदळतात. एकाच दिवशी तीन कामं येताना दिसली तर आत्ताच, म्हणजे पाच-सहा आठवडे आधी, एका प्राध्यापकांना दोन दिवसांची मुदत मागा. इतक्या आधी विचारलं तर बहुतेक जण देतात. आदल्या रात्री अकरा वाजता मागितलेली मुदत क्वचितच मिळते, आणि ते योग्यही आहे.

गुणांचं गणित एकदा हाताने करून बघा. समजा तीन पेपर प्रत्येकी २० टक्के, शेवटचा पेपर २५ टक्के आणि वर्गातला सहभाग १५ टक्के. शून्य ते चारच्या मोजपट्टीत बहुतेक ठिकाणी ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.० आणि सी २.०. पेपरांत सगळीकडे ए मायनस मिळालं, पण वर्गात तोंड न उघडल्यामुळे सहभागाला सी पडला, तर १.७ गुणिले ०.१५ म्हणजे जवळपास ०.२६ गेले. बेरीज ३.४५ च्या आसपास येते, आणि ए मायनसच्या जागी बी प्लस होण्याचा धोका उभा राहतो. निव्वळ गप्प बसण्याची ही किंमत. उशिराचा दंड बऱ्याचदा दिवसाला एक पायरी असतो: आज ए मायनस, उद्या बी प्लस, परवा बी. तेव्हा दोन दिवस उशिरा दिलेल्या उत्तम पेपरापेक्षा वेळेवर दिलेला बरा पेपर चांगला.

वेळेचा अंदाज: वर्गातल्या दर तासामागे बाहेर निदान दोन तास, हा अमेरिकेतल्या क्रेडिट-तासाच्या व्याख्येतलाच हिशेब आहे. चार कोर्स म्हणजे वर्गात साधारण बारा तास आणि बाहेर चोवीस ते छत्तीस. लॅब वेगळी. हे तास रात्री शोधायला गेलात तर सापडणार नाहीत, कारण रात्री वसतिगृहात माणसं असतात. दहाचा तास संपतो आणि दीडचा सुरू होतो, मधले दोन-अडीच तास रोज ग्रंथालयात एका ठरलेल्या खुर्चीवर काढले, तर आठवड्याचे दहा-बारा तास दिवसाउजेडीच निघतात.

काही कॉलेजं पहिल्या सत्राला मुद्दाम सांभाळून घेतात. स्वार्थमोरमध्ये पहिल्या सत्राची नोंद फक्त 'क्रेडिट' किंवा 'नो क्रेडिट' अशी होते. वेलस्लीत पहिल्या सत्रातल्या श्रेणी गुणपत्रकावर उमटत नाहीत. ही सवलत कमी अभ्यासासाठी आहे असं समजू नका. अवघड वाटणारा, अनोळखी विषय घेऊन बघण्यासाठी ती आहे.

वाचन आणि सेमिनार

एका तासासाठी ऐंशी-शंभर पानं वाचायला मिळणं इथे नेहमीचं. जड शैक्षणिक मजकूर तासाला बारा-पंधरा पानांच्या वेगाने वाचला जातो, म्हणजे नव्वद पानांना सहा-सात तास. चार कोर्सांचं असं वाचन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच गतीने कुणालाच जमत नाही. जे तसा प्रयत्न करतात ते पहिली तीस पानं बारकाईने वाचतात आणि उरलेली साठ सोडून देतात. युक्तिवादाचा निष्कर्ष बहुधा त्या साठांतच असतो.

त्याऐवजी असं करा. आधी प्रस्तावनेची आणि समारोपाची पानं सावकाश वाचा, वीस मिनिटं. लेखकाचं म्हणणं आणि तो कुणाशी वाद घालतो आहे, हे दोन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहा. मग मधल्या मजकुरात प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचत पुढे सरका, आणि जिथे पुरावा किंवा कलाटणी दिसेल तिथे थांबून सबंध परिच्छेद वाचा. शेवटी सगळ्यात महत्त्वाची वाटलेली दोन पानं पुन्हा वाचा. नव्वद पानं तीन-साडेतीन तासांत होतात आणि वर्गात बोलण्याइतकी पक्की होतात. कविता, तत्त्वज्ञानाचे मूळ ग्रंथ आणि गणित यांना ही पद्धत लावू नका. तिथे दहा पानांना तीन तास लागले तरी तेवढे द्यावेच लागतात.

वर्गात जाताना वहीत तीन गोष्टी हव्यात: पृष्ठक्रमांकासह एक उतारा, न समजलेलं एक वाक्य, आणि लेखकाशी न पटणारा एक मुद्दा. पहिल्या पंधरा मिनिटांत यातली एक बोलून टाका. कारण व्यवहाराचं आहे. जितका उशीर कराल तितकी तुमचा मुद्दा दुसऱ्या कुणी मांडण्याची शक्यता वाढते, आणि शांतता जितकी लांबते तितकं तोंड उघडणं जड होतं. मुद्दा मोठा असावा लागत नाही. 'पान ४७ वर लेखिका हा शब्द वापरते, पण ६२ वर त्याचाच अर्थ बदललेला वाटतो' एवढं म्हटलं तरी चर्चा पुढे सरकते, कारण सगळ्यांना पान उघडावं लागतं. दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून बोलणं हाही सहभागच: कुणाचं नाव घेऊन 'तिच्या मुद्द्यात मला एक भर घालायची आहे' असं म्हणणाऱ्याकडे प्राध्यापकांचं लक्ष जातं.

इंग्रजीत विचार जुळवायला वेळ लागत असेल, तर पहिलं वाक्य वहीत लिहून न्या आणि चक्क वाचून दाखवा. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तरीही जमत नसेल तर दुसऱ्याच आठवड्यात प्राध्यापकांना जाऊन सांगा. ते तुम्हाला आधी प्रश्न देऊन ठेवतील किंवा चर्चेची सुरुवात तुमच्याकडे सोपवतील. न सांगितलं तर तुम्ही वाचून येत नाही, असाच त्यांचा समज होतो.

विल्यम्समधले ट्युटोरियल ही या पद्धतीची पुढची पायरी: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने पाच-सात पानांचा पेपर लिहायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट. तिथे लपायला जागाच नसते. सेमिनारमध्ये बोलायची सवय झाली की असा कोर्स जरूर घ्या.

ऑफिस अवर्स

प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले काही तास दार उघडं ठेवून बसतात. हे तास अडलेल्यांसाठी आहेत असा पहिल्या वर्षाच्या मुलांचा समज असतो, म्हणून ती पेपरला सी मिळेपर्यंत फिरकत नाहीत. ते तास सगळ्यांसाठी आहेत. पहिल्या तीन आठवड्यांत चारही प्राध्यापकांना एकेकदा भेटून या. दहा मिनिटं पुरतात.

काय बोलायचं, हा खरा प्रश्न. 'मला काही समजत नाही' असं म्हणत गेलात तर प्राध्यापकांना धागा कुठून धरायचा ते कळत नाही. हातात वस्तू घेऊन जा: वाचनातला उतारा, अर्धवट सोडवलेलं गणित, पेपरच्या मुद्द्याचं एक वाक्य. 'इथपर्यंत आलो आणि इथे अडलो' एवढं म्हणा. पहिल्या भेटीत काहीच अडलेलं नसेल तर विचारा, 'या कोर्समध्ये चांगलं काम करणारे विद्यार्थी तयारी कशी करतात?' किंवा त्यांचं स्वतःचं संशोधन कशावर चाललं आहे ते विचारा. या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक प्राध्यापक मनापासून खुलतात, आणि पुढे संशोधनात मदतनीस हवा असतो तेव्हा तुमचं नाव त्यांच्या लक्षात असतं.

परत मिळालेला पेपर घेऊन जाताना श्रेणीबद्दल वाद घालू नका. 'पुढच्या पेपरमध्ये एकच गोष्ट सुधारायची तर कुठली?' हे विचारा, उत्तर लिहून घ्या, आणि पुढच्या पेपरमध्ये ती सुधारलेली दिसू द्या. सहाशे जणांच्या वर्गात हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. इथे येतं.

ऑफिस अवर्सच्या वेळी तुमचा दुसरा तास असेल तर मेल करा. विषयाच्या ओळीत कोर्सचा क्रमांक. सुरुवातीला 'प्रोफेसर' आणि आडनाव. मग काय हवं ते एका वाक्यात. मग तुम्हाला मोकळ्या असलेल्या तीन वेळा. नुसत्या पहिल्या नावाने हाक मारू नका, त्यांनी स्वतः सांगेपर्यंत. उत्तराला एक कामाचा दिवस द्या.

पेपर लिहिताना

पाच पानी पेपर म्हणजे दुप्पट ओळ-अंतर, १२ पॉइंट अक्षर, पानाला २७५-३०० शब्द, एकूण साधारण चौदाशे-पंधराशे. एका रात्रीत लिहून होतो, पण चांगला होत नाही.

दहा दिवस आधी प्रश्न ठरवा. सात दिवस आधी मुख्य विधान एका वाक्यात लिहा आणि त्याची एकच कसोटी घ्या: एखादा शहाणा माणूस याला 'नाही' म्हणू शकेल का? 'औद्योगिक क्रांतीने मुलांचं आयुष्य बदललं' याला कोण नाही म्हणेल? तो मुद्दा नाहीच. 'ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांतली बालमजुरी घटली ती १८३३ च्या कारखाना कायद्यापेक्षा नव्या यंत्रांमुळे' हे विधान वादाचं आहे, पुरावा मागतं, आणि पाच पानांत मावतं. चार दिवस आधी कच्चा मसुदा पूर्ण करा, कितीही ओबडधोबड असो. तीन दिवस आधी रायटिंग सेंटरची वेळ घ्या. ती आठवडाभर आधीच राखून ठेवावी, मध्यसत्रात सगळ्या वेळा भरतात. तिथे बसलेले विद्यार्थी-शिक्षक तुमचं व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत. मुद्दा कुठे सुटतो ते दाखवतात. आदल्या रात्री सेंटरमध्ये जाऊन उपयोग नसतो, कारण मोठा दोष कळला तरी तो सुधारायला वेळ उरलेला नसतो.

मसुद्यातला सगळ्यात नेहमीचा दोष: खरा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात सापडतो. लिहिता-लिहिता विचार स्पष्ट होतो, म्हणून असं घडतं. तो परिच्छेद उचलून सुरुवातीला न्या आणि बाकीचं त्याच्याभोवती पुन्हा रचा. शेवटच्या दिवशी सगळा पेपर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य मोडा.

वाङ्मयचौर्याच्या बहुतेक तक्रारी लबाडीतून येत नाहीत, टिपणांच्या ढिसाळपणातून येतात. वाचताना एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, अवतरणचिन्ह घातलं नाही, आणि दोन आठवड्यांनी ते आपलंच समजून पेपरात गेलं. म्हणून टिपण काढतानाच उसन्या प्रत्येक शब्दाला अवतरणचिन्ह आणि शेजारी पान क्रमांक. दोन-तीन शब्द बदलून घेतलेला उतारासुद्धा संदर्भ न देता चालत नाही. हॅवरफर्डसारख्या कॉलेजात ऑनर कोड (प्रामाणिकपणाची आचारसंहिता) विद्यार्थीच चालवतात, परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, आणि सत्रान्त परीक्षांची वेळही बऱ्याच प्रमाणात विद्यार्थी स्वतः ठरवतात. एवढा विश्वास टाकलेला असतो, म्हणून तो मोडल्याची दखलही तितक्याच गंभीरपणे घेतली जाते.

विज्ञान आणि गणिताच्या आठवडी गणितसंचांना वेगळा नियम. एकत्र बसून सोडवायला बऱ्याचदा परवानगी असते, लिहायचं मात्र एकट्याने. सुरक्षित पद्धत: आधी एकट्याने प्रत्येक प्रश्नावर वीस मिनिटं, मग गटात चर्चा फळ्यावर, मग फळा पुसून खोलीवर जाऊन स्वतः लिहिणं. गटातून वही भरून परत येणाऱ्याला गणितसंचात पूर्ण गुण पडतात आणि परीक्षेत हात अडतो.

पुस्तकं विकत घेण्याआधी ग्रंथालयातल्या कोर्स रिझर्व्हमध्ये बघा; तिथे प्रत दोन-तीन तासांसाठी मिळते. आपल्या ग्रंथालयात नसलेला लेख आंतरग्रंथालय सेवेतून मागवला की बहुधा एक-दोन दिवसांत मेलवर येतो. लहान कॉलेजात ग्रंथपालांना वेळ असतो. संशोधन-पेपर सुरू करण्याआधी त्यांच्यासोबत अर्धा तास बसलात, तर तुमचे शोधाशोधीचे पाच तास वाचतात.

घसरायला लागलं तर

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखादा कोर्स हातातून सुटतो आहे असं वाटलं तर क्रम असा ठेवा: प्रथम त्या कोर्सचे प्राध्यापक, मग तुमचे ॲडव्हायझर (कॉलेजने नेमलेले सल्लागार प्राध्यापक), मग डीनचं कार्यालय. कोर्स सोडायच्या दोन तारखा असतात. पहिली सुरुवातीच्या आठवड्यांतली, जिच्या आत सोडल्यास गुणपत्रकावर काहीच उमटत नाही. दुसरी सत्राच्या उत्तरार्धातली, जिच्यापर्यंत 'डब्ल्यू' (कोर्स मधेच सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडता येतं. दोन्ही कॅलेंडरवर लाल रंगात लिहा. एखाद्या डब्ल्यूचं कुणाला फारसं वाटत नाही. डी आला तर सरासरी ओढत-ओढत वर आणायला दोन सत्रं जातात. आजारपण किंवा घरचं संकट असेल तर 'इन्कम्प्लीट' मागता येतं, म्हणजे राहिलेलं काम नंतर पूर्ण करायची मुभा. ते सत्र संपण्याआधी मागावं लागतं.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर कोर्स सोडण्याचं बटण दाबण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. पूर्णवेळ भाराच्या (ठरलेल्या किमान कोर्सांच्या) खाली परवानगीशिवाय गेलात तर व्हिसाचा कायदेशीर दर्जा जातो, मग कारण कितीही खरं असो. अभ्यासाच्या अडचणीमुळे भार कमी करण्याची सवलत नियमांत आहे: इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीचा कोर्स मिळणं. ती एका पदवीच्या काळात एकदाच वापरता येते आणि निम्मा भार तरी ठेवावाच लागतो. आजारपणाची सवलत वेगळी, तिला डॉक्टरांचं पत्र लागतं. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा. वसतिगृहातली खोली बदलली तरी. सत्र चालू असताना संकुलातली नोकरी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास; पहिल्या सत्रात आठ-दहाच घ्या. ग्रंथालयाच्या काउंटरवरचं काम मिळालं तर बसल्या जागी थोडं वाचनही होतं. कमाई शून्य असली तरी दर वर्षी करखात्याचा फॉर्म ८८४३ भरायचा असतो. राहण्या-जेवणाचा खर्च शिष्यवृत्तीतून होत असेल तर तेवढा भाग करपात्र धरला जातो, हे कर भरायच्या वेळी, एप्रिलमध्ये, नव्हे, पहिल्याच सत्रात विचारून घ्या.

वसतिगृहाचं थोडक्यात. खोलीतल्या साथीदारासोबत पहिल्या आठवड्यात चार गोष्टी लिहून ठरवा: दिवे किती वाजता बंद, पाहुणे कधी, कुठली वस्तू सामाईक, भांडण झालं तर आधी कुणाशी बोलायचं. शेवटचं उत्तर 'एकमेकांशी' असावं, मजल्यावरच्या आरएशी (देखरेख करणाऱ्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याशी) नंतर. डिसेंबरच्या मध्यापासून काही आठवडे बरीच वसतिगृहं आणि जेवणघरं बंद होतात. राहायचं असेल तर अर्ज नोव्हेंबरमध्येच करावा लागतो. आरोग्यविम्याची रक्कम बिलात आपोआप लागलेली असते, दुसरा चालणारा विमा असेल तर ती बिलातून वगळून घ्यायची मुदत सुरुवातीलाच संपते. क्लब दोनच निवडा. दीड हजारांच्या गावात प्रत्येक गटाला माणसं हवी असतात, आणि 'नाही' न म्हणणाऱ्याच्या नावावर ऑक्टोबरपर्यंत सहा बैठका जमा होतात. जीव घुसमटायला लागला तर समुपदेशन केंद्रात जा. तिथलं बोलणं प्राध्यापकांपर्यंत जात नाही.

दुसऱ्या सत्रापासून

उन्हाळी संशोधनाचे कॉलेजअंतर्गत अर्ज बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत मागवतात. आठ-दहा आठवडे, विद्यावेतनासह, थेट प्राध्यापकांच्या हाताखाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून चालणाऱ्या आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन) कार्यक्रमांत विद्यावेतनाची जागा अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळते, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजचा स्वतःचा निधी हाच मुख्य आधार. पदवीच्या पुढचे विद्यार्थी नसल्यामुळे लॅबमधली खरी कामं पदवीच्या मुलांकडेच येतात. डिसेंबरमध्ये प्राध्यापकांना 'उन्हाळ्यात तुम्हाला मदतनीस लागणार आहे का?' असं विचारलेलं असेल तर अर्ज लिहिणं सोपं जातं.

मेजर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा. तोवर दोन विभागांच्या शिड्या चालू ठेवता येतात, तीन नाही. एफ-१ असाल तर एक बारीक गोष्ट तपासा: पदवीनंतरची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) सगळ्यांना १२ महिने, पण स्टेम गटातल्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मेजरला आणखी २४. एकाच अर्थशास्त्राच्या मेजरची वर्गवारी एका कॉलेजात स्टेममध्ये असते, दुसऱ्यात नसते. ती सीआयपी क्रमांकावर (अभ्यासविषयाच्या सरकारी वर्गीकरणातल्या क्रमांकावर) ठरते आणि हा क्रमांक आय-२० वर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, छापलेला असतो. मेजर बदलल्यावर नवा आय-२० घेऊन तो क्रमांक स्वतः वाचा. दोन मेजर असतील तर विशेषच.

वूस्टर आणि रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंधासारखं स्वतंत्र काम करावंच लागतं. स्वार्थमोरच्या ऑनर्समध्ये १९२२ पासून बाहेरचे परीक्षक येतात. बऱ्याच ठिकाणी असं प्रबंधाचं काम ऐच्छिक असतं. मार्गदर्शक मात्र बहुधा तेच होतात ज्यांच्याकडे तुम्ही निदान दोन कोर्स केलेले असतात, म्हणून आवडलेल्या प्राध्यापकांचा दुसरा कोर्स दुसऱ्याच वर्षी घ्या.

शिफारसपत्र मागताना तीन-चार आठवडे आधी मागा आणि विचारा, 'माझ्याबद्दल तपशिलाने लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?' होकार मिळाला की एकाच मेलमध्ये पाठवा: त्यांच्या कोर्समधला तुमचा सगळ्यात चांगला पेपर त्यांच्याच शेऱ्यांसह, अर्जाचा मसुदा, शेवटची तारीख, पत्र कुठे पाठवायचं तो दुवा, आणि त्यांच्या वर्गात घडलेल्या दोन गोष्टी ज्या त्यांनी लिहाव्यात असं तुम्हाला वाटतं. तारखेच्या आठवडाभर आधी एक आठवण करा. निकाल लागला की, कसाही लागो, त्यांना कळवा.